चौथे शील

माझ्या वडिलांना, अण्णांना, ते लोक पहिल्यांदा दिसले ते दुपारी चारच्या सुमारास. हर्सूलच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या सतरंजीवर उन्हाचा पट्टा पडला होता आणि अण्णा दारात उभे राहून तिकडे पाहत होते.

"इतके जण येऊन बसलेत. कुणी पाणी तरी दिलं का?" त्यांनी मला विचारले.

सतरंजी रिकामी होती.

कंपवाताचे निदान होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. या आजारात मेंदूतले डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते आणि शरीर माणसाचा हुकूम ऐकेनासे होते, असे डॉक्टरांनी समजावले होते. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी मोठी गोळी मेंदूला ते द्रव्य तयार करण्यासाठी कच्चा माल पुरवी. नंतर जोडलेली छोटी गोळी त्या द्रव्याची नक्कल करी. "छोटी गुणी आहे, पण लबाड आहे," डॉक्टर म्हणाले होते. "नसलेलं काही दिसायला लागलं तर लगेच सांगा. कमी करावी लागेल." त्या छोट्या गोळीमुळेच उंबऱ्यापाशी पाय खिळून उभे राहणारे अण्णा पुन्हा चालू लागले होते.

सुरुवातीला आम्हाला भीती वाटली नाही. पत्नी खरोखरच सतरंजीवर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले नेऊन ठेवी. "किती पाव्हणे आज, अण्णा?" ती विचारी.

"सात. चहाला माना हलवून नको म्हणतात."

"शहाणे हायत. साखर वाचली माझी."

अण्णा हसत. पांढऱ्या कपड्यांतली ती माणसे वंदनेला बसावीत तशी रांगेत बसतात आणि बोलत नाहीत, एवढेच ते सांगत. एकदा मात्र ते म्हणाले, "त्यांचे चेहरे अर्धे पोपडे निघाल्यासारखे आहेत. लेण्यातल्या भिंतीवरचे असतात ना, तसे." अजिंठ्याजवळच्या गावात त्यांनी शिक्षक म्हणून उमेदीची वर्षे काढली होती, पोरांना घेऊन किती वेळा त्या भिंतींपुढे उभे राहिले असतील. त्या दिवशी पत्नीने पेले उचलले ते दोन बोटांनी.

मी डॉक्टरांना तेव्हाच सांगायला हवे होते. परंतु माझ्या मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आले होते. अण्णा नोकरीसोबत बौद्धाचार्य म्हणूनही काम करीत. आमच्या नात्यातली बहुतेक लग्ने त्यांनीच लावलेली. नातीचा हट्ट होता की तिचे लग्नही आजोबांनीच, उभे राहून लावावे. तो हट्ट तिचा होता, असे मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरे तर चारचौघांत वडील ताठ उभे असलेले पाहण्याची हौस माझीच होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काही भास वगैरे?"

अण्णांनी उत्तरासाठी तोंड उघडले आणि माझ्याकडे पाहिले.

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नाही."

अण्णांनी तोंड मिटले. गोळी तशीच चालू राहिली.

त्या दिवसापासून घरातले पाहुणे संपले. अण्णा त्यांच्याविषयी अवाक्षर काढीनात. पत्नीने पेले ठेवणे बंद केले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र बाहेरच्या खोलीतून जाताना अण्णा भिंतीला पाठ लावून, कडेकडेने सरकत. भर दुपारी पडले तरी डोक्यावरून चादर घेत. मी ते पाहत होतो. विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

लग्नाच्या दिवशी अण्णा खरोखरच ताठ उभे राहिले. हात थरथरला नाही. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती त्यांनी स्वतः लावली. त्यांनी त्रिसरण दिले, मग पंचशीलातले एकेक शील देऊ लागले, आणि मंडप त्यांच्यामागून म्हणत गेला. पहिले, दुसरे, तिसरे. मग त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांवर गेली आणि तिथेच थांबली. क्षणभराने त्यांनी थेट पाचवे म्हटले. लोक सवयीने त्यांच्यामागे गेले. खोटे न बोलण्याचे चौथे शील तेवढे त्या मंडपात कोणी घेतलेच नाही.

फुले पडल्यावर नात्यातली एक म्हातारी त्यांच्याजवळ आली. "गुर्जी, चौथं गाळलं की! म्हातारपण आलं तुमास्नी."

"गाळलं नाही, ताई. ते द्यायचा मला आज अधिकार नव्हता."

तिने हसून हात झटकला. मी अण्णांना बाजूच्या खोलीत नेले आणि दार लावले.

"डॉक्टरपुढं तू नाही म्हणालास," ते शांतपणे म्हणाले. "मीही गप्प बसलो. दोघं मिळून खोटं बोललो आपण."

"अजून दिसतात?"

"आता बसत नाहीत. उभे असतात, अगदी जवळ. तू नाही म्हणालास तेव्हा वाटलं, ह्याला हे ऐकायचं नाही. मग कुणाला सांगू?"

दोन महिने माझे वडील आमच्याच घरात एकटे भीत होते आणि मी लग्नाच्या याद्या करीत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी डॉक्टरांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. त्याचाच मला अधिक त्रास झाला. छोटी गोळी एकदम तोडता येत नव्हती, ती पायरीपायरीने कमी करावी लागली. जसजशी ती उतरली, तसतशी सातांतली माणसे कमी झाली आणि अण्णांचे पाय जड झाले. उंबरा पुन्हा त्यांना अडवू लागला. आता ते बसूनच वंदना म्हणतात, पुटपुटल्यासारखी. चौथ्या शीलापाशी थांबतात आणि मी ते मोठ्याने म्हणेपर्यंत पुढे जात नाहीत.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी अण्णांकडे वळून वाट पाहत राहिलो. त्यांच्या ओठांना शब्द जुळवायला वेळ लागतो.

"एक आहे अजून," ते अखेर म्हणाले.

"कुठं दिसतो?"

"ह्याच्या खुर्चीमागं. अवघडून उभा आहे."

डॉक्टरांनी कागदावर ते लिहून घेतले. मी उठलो आणि मागे न पाहता माझी खुर्ची थोडी पुढे सरकवली.