पापणीचा केस, मुळासकट

डोळ्याला काही झालं की आपल्याकडे सगळं गावच डॉक्टर होतं. रांजणवाडी आली की कुणी लवंग उगाळून लावायला सांगतं, डोळे आले की कुणी बाळंतिणीचं दूध मागून आणतं, आणि आलेल्या डोळ्यांकडे नुसतं बघितलं तरी आपलेही येतात म्हणून बाकीचे तोंड फिरवून चालतात. ऐंशीच्या दशकात पालेगावात या सगळ्या शहाण्यांमध्ये एकच बाई अशी होती, की ती आधी डोळा बघायची आणि मग तोंड उघडायची. तिचं नाव बकुळा.

बकुळाला डॉक्टरकीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळतं असा आवही ती आणत नसे. तिला एकच काम यायचं. पापणीचा केस आत वळून बुबुळाला टोचायला लागला, की तो चिमट्याने उपटायचा. गावच्या म्हाताऱ्या बायांना हे दुखणं फार. पापणी उघडी ठेवली तरी टोचतं, मिटली तरी टोचतं, आणि चोळावं तर आणखी लाल होतं. ज्याला झालंय त्यालाच त्याची किंमत. बाकीचे म्हणतात, एवढासा केस तो काय.

सकाळचं ऊन ओटीवर आलं की बकुळा उंबऱ्याला पाठ टेकून बसे. आलेल्या बाईचं डोकं मांडीवर घेई, चिमटीला चुलीतली राख लावी म्हणजे पापणी सटकत नाही, आणि माहेरून आणलेल्या पितळी चिमट्याने एकेक केस धरून काढी. निघालेला केस ती आपल्या अंगठ्याच्या नखावर ठेवायची, उन्हाकडे धरायची, आणि खालच्या टोकाला पांढुरका ठिपका दिसला की म्हणायची, ‘‘मूळ आलं.’’ ती असं म्हणेपर्यंत उठायचं नाही, हा ओटीवरचा कायदा होता. या कामाचं ती कुणाकडून काही घेत नसे, भाजीची जुडीसुद्धा नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, म्हणजे पुढचं नीट कळेल. बकुळाला मूलबाळ नव्हतं. नवरा, हिंदुराव, कारखान्यात पाळीवर. गावात कुणाची ओटी भरायची असली, बारसं असलं, की बकुळाला बोलावणं पाठवायला लोक विसरायचे. विसरायचे म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. पण डोळ्यात केस टोचला की त्याच बाया तिच्या ओटीवर येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायच्या. ही सकाळ तिची होती. तेवढी सकाळ तिच्याकडून गेली असती, तर दिवसभरात तिच्याकडे यायला कुणाला कारण उरलं नसतं.

शिवाय बाई भारी चौकस. डोक्याचा केस कापला नाही तर कमरेखाली जातो, मग पापणीचा केस अमुक एका ठिकाणी थांबतो कसा, हे तिने हिंदुरावाला विचारून विचारून त्याला भंडावून सोडलं होतं. शेळीची पापणी उलटून तिने आतला रंग बघितला होता. एकदा वासराचीही उलटायला गेली आणि त्याने लाथ मारली, तर पायाला हळद लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

तिची थोरली जाऊ विठा शेजारच्याच घरात एकटी राहायची. नवरा गेलेला, मुली लग्न होऊन लांब दिलेल्या. विठाचा डावा डोळा तिशीतच गेला होता. त्यावर फूल पडलं होतं, म्हणजे बुबुळ पांढरं झालं होतं आणि त्यातून उजेडापलीकडे काही दिसत नव्हतं. उरला उजवा. त्याचेही केस आत वळायचे. दर महिन्या-दीड महिन्याने विठा यायची, बकुळा चार-पाच केस काढायची, की पुन्हा दीड महिना निवांत. अशी दहा-बारा वर्षं गेली.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर हे गणित बिघडलं. विठा पंधरा दिवसांनी आली, मग आठ दिवसांनी, मग चौथ्याच दिवशी.

‘‘एवढ्यात कसे वाढले गं?’’ बकुळाने विचारलं.

‘‘मना काय ठावं? टोचतंय खरं,’’ विठा म्हणाली.

केस इतक्या लवकर वाढतात म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार, आणि ते शोधून काढल्याशिवाय बकुळाला घास गोड लागेना. तिने ओटीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारून दिवस मोजायला सुरुवात केली. विठाचं वांगं बंद केलं, केस उगवणं थांबेना. मग तिला वाटलं, कारखान्यांच्या बाजूने वारा येतो त्याचा हा परिणाम असेल, म्हणून तिने विठाला आठवडाभर मागच्या खोलीत बसवलं. तरी तेच. मग केस सकाळऐवजी दुपारी काढून पाहिले. विठा निमूटपणे सगळं करत होती. बकुळाने सगळं जग तपासलं, एक आपण सोडून.

ती तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या रखमाला हाक मारू लागली होती आणि तांदूळ निवडताना सूप हातभर लांब धरू लागली होती. यंदा उन्हात दम नाही, असं ती म्हणायची. नखावर केस ठेवायची, उन्हाकडे धरायची, आणि बारा वर्षांच्या सवयीने म्हणायची, ‘‘मूळ आलं.’’

माघात विठाचा तो डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना, पाणी खळेना, आणि बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसायला लागला. तो मात्र बकुळाला हातभर लांबून दिसला. डावा डोळा गेला तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. ओटीवर नेहमी येणारी भिमाबाई मध घाला म्हणून वाटी घेऊन आली. बकुळाने वाटी परत पाठवली आणि विठाचा हात धरून तिला अंबरनाथला नेलं.

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला कारखान्यातून निवृत्त झालेल्या विष्णुपंत नावाच्या साहेबांचा बंगला होता. खालच्या दोन खोल्यांत त्यांच्या मुलीने, डॉक्टर वृंदाने, डोळ्यांचा दवाखाना काढला होता. तिशीची मुलगी, कमी बोलायची, पण घाई करायची नाही.

तिने विठाची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि बराच वेळ बघितलं. मग केशरी टोकाची कागदाची एक पट्टी पापणीच्या आत टेकवली, यंत्राचा दिवा निळा केला आणि पुन्हा बघितलं.

‘‘पापणीचे केस कोण काढतं?’’ तिने विचारलं.

बकुळाच्या आधी विठा बोलली. ‘‘मीच काढते. चाचपून.’’

‘‘आजी, ते मुळासकट निघत नाहीत. अर्ध्यात तुटतात. अख्ख्या केसाचं टोक मऊ असतं, तुटलेल्याचा खुंट राहतो, तो ताठ असतो. त्यानं बुबुळाला जखम झालीय आणि ती चिघळलीय.’’

खोटं निभावलं होतं. बकुळा गप्प बसली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण बाई चौकस. तिच्या तोंडून गेलंच, ‘‘बाई, मना बघू द्याल?’’

वृंदा खुर्चीवरून उठली. बकुळाने यंत्राला डोळे लावले. आत विठाचा डोळा ताटाएवढा मोठा दिसत होता. पापणीच्या कडेला, भात कापल्यावर शेतात राहतात तसे पाच खुंट उभे होते. आणि त्यांच्या खाली बुबुळावर हिरवे ओरखडे चमकत होते. एकाला एक लागून, जिथे खुंट तिथे ओरखडा.

‘‘हा हिरवा रंग कसला?’’ तिने हळूच विचारलं.

‘‘पट्टीवरच्या औषधाचा. जिथं कातडी सोलली जाते तिथं तो धरतो. चांगल्या जागी धरत नाही.’’

वृंदाने विठाच्या डोळ्यात बधिर करायचे थेंब घातले आणि बारीक चिमट्याने ते खुंट काढले. एक उचलून तिने पांढऱ्या कागदावर ठेवला आणि बकुळापुढे धरला. वृंदाच्या मनात संशय आला असणार. ‘‘सांगा, मूळ कुठल्या बाजूला आहे?’’

बकुळाने कागद जवळ घेतला, लांब धरला, खिडकीकडे नेला. तिला कागदावर नुसती एक काळी रेघ दिसत होती. वृंदाने टेबलावरची लोखंडी फ्रेम तिच्या नाकावर चढवली, तिच्यात दोन काचा घातल्या, आणि रेघेच्या एका टोकाला पांढुरका ठिपका आला. तो ठिपका तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. न पाहताच ती तो आला म्हणून सांगत होती.

औषधाचे थेंब दर दोन तासांनी, झोपताना मलम, डोळा चोळायचा नाही, दूध नाही, मध नाही. दर दोन दिवसांनी दाखवायचं. वृंदाने आणखी एक सांगितलं. लहानपणी खुपऱ्या होऊन गेल्यामुळे आजींची पापणी आतून आक्रसलीय, तिची कडच आत वळलीय. केस मुळासकट काढले तरी दीड महिन्याने पुन्हा येणारच. जखम भरली की पापणीचं छोटं ऑपरेशन करायचं, कड बाहेर वळवायची. ते केलं नाही तर हा डोळाही डाव्यासारखा होईल.

‘‘ऑपरेशन नको,’’ विठा म्हणाली. ‘‘आमची बकुळा हाय.’’

पंधरा दिवस बकुळाने घड्याळ बघून थेंब घातले. हिंदुरावाच्या जेवणाचे हाल झाले, पण त्याने तक्रार केली नाही. ठिपका आकसत गेला आणि कडेलाच एक धुरकट खूण ठेवून थांबला. नजर वाचली. वृंदाने ऑपरेशनचा दिवस विचारला. विठाने मान हलवली ती नाही म्हणूनच. डोळ्याला लोखंड लावून घेणार नाही, बकुळाचा हात हलका आहे, तेवढा पुरे. आणि ती दीड महिना झाला की ओटीवर येणार, डोकं ठेवणार, हे बकुळाला दिसत होतं. मग एखादा खुंट राहणार.

खरं सांगितलं तर आपल्या हातून काय जाणार, ते तिला पक्कं ठाऊक होतं. विठाला सांगितलं की गावाला कळायला कितीसा वेळ. दोन दिवस ती नुसती आत-बाहेर करत होती. तिसऱ्या दिवशी विठाच्या डोळ्यात थेंब घालून झाले आणि ती तिथेच खाली बसली.

‘‘बाय, तुझा डोळा मी बिघडवला. मना मूळ दिसत नव्हतं. मी तसंच बोलायचे.’’

विठा मिटल्या डोळ्यांनी पडून होती. ‘‘मना ठावं हाय,’’ ती म्हणाली.

‘‘डाक्टरीन बोलली तवा कळला?’’

‘‘त्याच्या आधी. केस मुळातून निघाला का कळ येते, मस्तकात जाते. दिवाळीपासून तू काढतेस न् मना कळ येत नाय. तुटतंय, ते समजत होतं.’’

बकुळाला रागच आला. ‘‘मंग बोललीस का नाय? एकच डोळा हाय तुझा.’’

‘‘बोलले असते तर तू चिमटा ठेवला असतास,’’ विठा म्हणाली. ‘‘मंग सकाळची तुझ्याकडे कोन आली असती?’’

घराच्या मागे रखमाच्या कोंबड्या ओरडत होत्या. बकुळा पदर तोंडाशी धरून रडली, आणि विठाने तिला रडू दिलं. केस इतक्या लवकर का वाढतात म्हणून जिने भिंत काळी केली होती, तिला शेजारी पडलेल्या बाईला विचारायचं सुचलं नव्हतं.

‘‘येऊ देत नायतर नको,’’ शेवटी बकुळा म्हणाली. ‘‘तू ऑपरेशनला येतेस.’’

विठा म्हणाली, ‘‘तू बाजूला उभी राहनार असशील तर.’’

दुसऱ्या सकाळी केस काढून घ्यायला आलेल्या तिघी ओटीवर बसल्या होत्या. बकुळाने त्यांना सांगून टाकलं की आता आपल्याला जवळचं दिसत नाही, आपल्या हातून विठाबायला इजा झाली, आणि कुणाला यायचं असेल तर आपण अंबरनाथला घेऊन जातो. भिमाबाई नाक मुरडून उठून गेली. दोघी बसून राहिल्या. त्या दोघींना घेऊनच ती पूल चढली, आणि वाटेत वृंदाला काय काय विचारायचं याची मनात जुळणी करत होती. पापणीचा केस थांबतो कसा, हे त्या दिवशी तिला कळलं. तो वाढतोच महिना-दीड महिना. काही महिने जगतो आणि गळून पडतो, त्याला वाढायला वेळच मिळत नाही.

ऑपरेशन फाल्गुनात झालं. पापणीपुरतं बधिर करून वृंदाने कड बाहेर वळवली आणि टाके घातले. बकुळा विठाच्या पायांशी उभी होती. तिला वाचायचा चष्मा मिळाला होता, पण तो लावायचा धीर तिला त्या दिवशी झाला नाही.

दहाव्या दिवशी टाके निघाले. वृंदाने डोळा पुसला आणि आजींना हळूहळू उघडझाप करायला सांगितली. विठाने पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. काही टोचत नव्हतं, पाणी येत नव्हतं. तिने खोलीभर नजर फिरवली आणि ती समोर उभ्या असलेल्या बकुळावर येऊन थांबली. बकुळाने आज चष्मा लावला होता. बराच वेळ विठा तिच्याकडे बघत राहिली.

‘‘बकुले, म्हातारी झालीस गं,’’ ती म्हणाली. ‘‘किती दिस झालं, तुला नीट बघितलीच नवती.’’

बकुळाने वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं, गालावरच्या सुरकुत्यांकडे, डोळ्याच्या कडेला वाळलेल्या पाण्याच्या ओघळाकडे.

‘‘मी पन नाय बघितली, बाय,’’ ती म्हणाली.