एसीच्या पाण्याचं निमित्त

संगप्पाआप्पांची लाल गाडी म्हणजे लातूरच्या त्या गल्लीत टिंगलीचा विषय. महिन्यातून दोनदा सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जाणार, आणि आंघोळ मात्र रोज! "आप्पा, घासून घासून पत्रा पातळ व्हईल," पोरं म्हणायची. आप्पांना त्याचं काय? बोअरच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला तेच उलट येडा म्हणत. खारं पाणी ते. रंगावर वाळलं की पांढरे डाग, मग बसा जन्मभर घासत. एसीतून ठिबकतं ते पाणी मात्र बिनक्षाराचं. म्हणून उन्हाळाभर सकाळी कॅन घेऊन आप्पा निघायचे. ज्याच्या घरी एसी, त्याच्या दारात हजर.

आता खरं सांगायचं तर पाणी हे नुसतं निमित्त. बायको शरणम्मा गेल्यापासून घर खायला उठायचं. पण आख्खी नोकरी विजेच्या खांबावर काढलेला लाईनमन माणूस. बिनकामाचं कुणाच्या दारात जायची त्यांना लाजच वाटायची. कॅन हातात असला की कसं, काम असतं! निजामोद्दीनच्या कपड्याच्या दुकानात बादली भरून ठेवलेली असायची. "आप्पा, बैठो, चहा सांगतो," तो म्हणायचा. पुढं अंजू नर्सबाईकडं कधी पोहे, कधी नुसत्याच दवाखान्यातल्या गोष्टी. सकाळ कुठं सरली कळायचं नाही. गाडी धुवायला किती वेळ लागायचा, ते सोडाच.

मग पुण्याहून रविकांत आला. पोरगा गुणाचा हो, नाव ठेवायला जागा नाही. म्हातारा बाप उन्हात कॅन वाहतोय हे बघून त्याचा जीव तुटला. गाडी घेऊन गेला आणि बोनेटपासून डिकीपर्यंत महागडं कोटिंग मारून आणलं. "बाबा, आता हात लावायचा न्हाई. कोटिंगवाल्यांचाच माणूस महिन्याला येऊन धुऊन जाईल." गाडी अशी चमकली की आप्पा हरखलेच. आणि त्या भरात स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. दारोदार सांगत फिरले, "पोरानं केलं! आता पाणीच लागत न्हाई बघा!"

रविकांत परत गेला. दोन-चार दिवस आप्पांनी कसेबसे काढले, मग चप्पल घालून रिकाम्या हातानंच निघाले. निजामोद्दीननं बादली उचलून पाईप सरळ गटारीत सोडला होता. दुकानात गिऱ्हाईक होतं. "खैरियत ना, आप्पा?" त्यानं आतूनच विचारलं. "हाव, हाव," म्हणत आप्पा पुढं सरकले.

अंजूच्या एसीची नळी जास्वंदीच्या कुंडीत गेली होती. ती दाराला कुलूप लावत होती.

"काय पाहिजे होतं, आप्पा?"

आप्पांना खोटं सुचेना. "काय न्हाई गं. नुसताच आलतो. एकट्याला करमंना झालंय." बोलून गेले आणि कान तापले त्यांचे. या वयात असं कुणापुढं बोलतात का!

"अगं बाई! आता तर ड्यूटी हाय, उशीर व्हायलाय. रविवारी या की निवांत."

माणसं म्हणतातच असं, वेळ मारून न्यायला. आप्पांना काय ते कळत नव्हतं? तरी तिनं स्कूटी चालू केली तसे ते दोन पावलं पुढं आले.

"रविवारी किती वाजता येऊ?"