गळ्यावरून फिरवलेला हात

भूत, चकवा, अंगात येणं... हे माह्या डोक्यात कधी घुसलंच नाही. पैजेपायी पातूरच्या लेण्यात रातभर एकटा घोरलेला माणूस आहे मी. अन् कोणाचं ऐकायचीही सवय नाही. बापाचं ऐकलं नाही, मास्तरचं नाही, म्हणून तं शाळा चौथीतच सुटली. पुढं फौजेत टँकचा ड्रायव्हर झालो. तिथं जे झालं तेवढंच सांगतो.

लढाईतली भरदुपार. वाळवंटात धूळ अशी की आपला कोण, दुश्मन कोण, समजेना. आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळा टाकू नये म्हणून प्रत्येक टँकवर नारंगी कापड बांधत. आमच्या टँकले एक गोळा घासून गेला. कापड जळालं, वायरलेस मुका झाला, वरची झाकणं वाकून बसली. तोफ फिरेना, अन् तिची नळी बरोबर माह्या झाकणावर येऊन अडकली. झाकण दोन बोटं उघडे अन् नळीले टेके. आमी चौघं लोखंडी पेटीत बंद. त्यात वाट चुकून दुश्मनाच्याच बाजूनं परत येऊन राहिलो होतो.

मागून आमच्या टँकचे कमांडर दफेदारसाहेब ओरडले, "सामने अपना टँक है! तोफ हमपे घुमा रहा है! भगा गाडी!"

मी काचेतून पाह्यलं. दूर नळीचं काळं तोंड, मधात रिकामी वाळू. पाय ॲक्सिलेटरवर होता... अन् मी इंजिन बंद केलं.

"मरवाएगा क्या!" पाठीत लाथ बसली. काय सांगू? हात माहाच होता, पण मी त्याले सांगितलं नव्हतं.

इंजिन बंद झालं तसे तोफेत गोळे भरणाऱ्या लोडरचे दात वाजलेले ऐकू येऊ लागले. डिझेलचा वास, घाम... पळायले जागा नाही. फक्त गोळ्याची वाट पाहाची.

गोळा आला नाही.

संध्याकाळी आपल्या लोकांनी झाकण कापून आमाले काढलं. आमच्यावर तोफ रोखलेल्या त्या टँकचा गनर, म्हंजे तोफ डागणारा, नामदेव, आपल्या धामणगाव रेल्वेचाच. आल्या आल्या माही कॉलर धरली.

"काहून बे, माणूस बाहेर काहून काढला होता? मेला असता तो!"

"कोणता माणूस?"

"तुह्यासमोर उभा होता तो! माहं बोट बटनावर होतं. त्यानं गळ्यावरून आडवा हात फिरवला, इंजिन बंदचा आपला इशारा, अन् तुह्या टँकचा धूर थांबला. तवा समजलं, ड्रायव्हर आपलाच आहे."

आमी चौघंही आतच होतो.

परवा नामदेव पातूरले आला. दोघायचे दात गेले, भांडण तेच. "अजून लपवतं का बे? कोण होता तो?"

माही घरची चहा देता देता म्हणे, "भाऊजी, हे कोणाच्या इशाऱ्यानं थांबतीन? मी जन्मभर हातच हलवून राहिली!"

नामदेव हसला. मी नाही हसलो. दार लोटलेलं होतं, उठून उघडलं. बंद दारात मले अजून बसवत नाही.

समोर कोणी नव्हतं, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगतो. अन् नामदेव खोटं बोलत नाही, हेही सांगतो. मंग जन्मात कोणाचं न ऐकणाऱ्या ह्या हातानं त्या दिवशी ऐकलं तरी कोणाचं? मले अजूनही माहीत नाही.