पारोशी तपासणी

मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. जंतांच्या तपासणीत माझा छळ मांडला होता तो पावडरीने. बारीक कृमींची मादी रात्री पोराच्या गुदद्वाराशी येऊन अंडी घालते. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, आंघोळीआधी, तिथे चिकटपट्टी दाबायची आणि काचेवर लावून मायक्रोस्कोपखाली बघायची. पण आमच्या म्हसळ्याकडे लोक दवाखान्यातही लग्नाला निघाल्यासारखे येतात. आया पोरांना न्हाऊमाखू घालून आणायच्या, आणि मला पट्टीवर दिसायची नुसती पावडर. मग मी खिडकीतून खेकसायचो, की पोरांना पारोशी आणा, किती वेळा सांगायचं?

मग माझीच बालवाडीतली लेक रात्रभर खाजवत तळमळू लागली. सकाळी तिचे तांबारलेले डोळे बघवत नव्हते. पण जगाला शहाणपण सांगणारा मी पट्टी घेऊन उठेपर्यंत माझी आई तिला आंघोळ घालून मोकळी. "पोर पारोशी घराबाहेर जायची न्हाय," हा तिचा कायदा.

शेवटी एकदा मी आईच्या आधी उठलो. पट्टीवर अंडीच अंडी, एका बाजूने चपटी, वालाच्या दाण्यासारखी. मला इतका आनंद झाला, की जंत आपल्याच पोरीला झालेत हे क्षणभर विसरलो.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना गोळी दिली. सगळ्यांनी घेतली, मी सोडून. हात कसे धुवावेत याचा तक्ता भिंतीवर मीच चिकटवलेला, मला कसले जंत? थोड्याच दिवसांत लेक पुन्हा खाजवू लागली. गोळी न घेतलेला घरात एकच शहाणा उरला होता, तरी माझं म्हणणं, आधी पुरावा पाहिजे.

माझी पट्टी लॅबमधल्या सहकारी बाई तपासणार होत्या. त्यांच्यासमोर आपली पट्टी जाणार या विचारानेच मला घाम फुटला. मी साबण लावून स्वच्छ आंघोळ केली, पावडर लावली आणि मगच पट्टी दाबली.

बाईंनी मायक्रोस्कोपवरून डोळासुद्धा उचलला नाही.

"सर, उद्या पारोशे या," त्या म्हणाल्या.

मी उद्यापर्यंत थांबलो नाही. डॉक्टरांनी लेकीला दुसरी गोळी दिली होती. संध्याकाळी तिच्या शेजारी बसून मीही माझी चावली. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

त्यानंतर लेक गाढ झोपू लागली. मला पुरावा पाहिजे होता, तो मिळाला.