आईचा राहिलेला डोळा

दवाखान्यातून पुन्हा फोन आला. साथीमुळे आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय. लेकीच्या दातांची तार, बाबांची तपासणी, सगळ्यांचं तेच. मी नुसतं “बरं” म्हणाले. हल्ली रागही येत नाही. इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखं सगळं बधिर झालंय. घरातला प्रत्येक जण अर्धवट बरा होऊन थांबलाय.

खिडकीशी बसलेली आई आळीपाळीने एकेक डोळा झाकत होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला भिंत पांढरी दिसते, राहिलेल्याला पिवळट. मग तिने तसंच माझ्याकडे पाहिलं.

“या डोळ्याने फार थकलेली दिसतेस गं.”

“आणि त्या?”

“त्याने होतीस तशीच.”

ऑपरेशन झालेला डोळा तळहाताने झाकून म्हणाली, “राहू दे मग तो डोळा तसाच.”