तिसऱ्यांदा विचारल्यावर

आर्लिस ट्वेटचा कुणाच्याही पहिल्या उत्तरावर विश्वास नव्हता. तसा तो आमच्या गावात कुणाचाच नसतो. इथे लेक एडना गावात पाहुण्याला कॉफी विचारली की तो म्हणतो, "नको, नको." दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, "उगाच कशाला त्रास घेताय." तिसऱ्यांदा विचारल्यावर मग, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप," आणि तीन कप पिऊन उठतो. पहिले दोन नकार रीतीचे, तिसरं उत्तर खरं. मिनेसोटातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

आम्ही हे खाण्यापिण्यापुरतं ठेवतो. आर्लिसने मात्र सगळी नोकरी त्यावर काढली.

आमच्या कॉलेजातून मुलं परदेशी शिकायला जातात, त्यांची सोय बघणाऱ्या कार्यालयात ती दारासमोरच्या टेबलाशी बसायची आणि मी तिच्या पाठीमागे. वर्षभरासाठी क्वचितच कुणी जातं. कुणी जानेवारीत तीन आठवडे, कुणी उन्हाळ्यात महिना-दीड महिना, तर कुणी मार्चच्या सुट्टीत एखाद्या प्राध्यापकाच्या मागोमाग जेमतेम आठवडाभर. आर्लिसच्या मते या सगळ्यातच कुठेतरी पाणी मुरत होतं. नवी माहितीपत्रकं आली की ती चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी धरायची.

"जोलीन, हे बघ. एवढी मुलं, सगळ्यांचे दात दिसतायत, आणि एकाच्याही हातात पुस्तक नाही. याला शिक्षण म्हणतात?"

"समुद्री जीवशास्त्र आहे ते, आर्लिस."

"मग मासा तरी दाखवायचा!"

एकदा एक उंच पोरगा आयर्लंडला जायचं म्हणून आला. का जायचंय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, तिथली संस्कृती समजून घ्यायचीय. "बरं. आणि का जायचंय?" क्रेडिट मिळतात म्हणाला. "मिळतात ना. पण का जायचंय?" पोरगा बुटांकडे बघत पुटपुटला, "माझी मैत्रीण जातेय." "आता कसं!" आर्लिस खुशीत येऊन म्हणाली, आणि त्याच्यासाठी तिने चार ठिकाणी फोन फिरवून त्याला जागा मिळवून दिली. खरं बोलणाऱ्याचं काम ती जीव तोडून करायची. तिन्ही वेळा 'संस्कृती' म्हणणाऱ्यावर मात्र तिचा डोळा असे.

या संशयाचं मूळ तिच्या घरात होतं, आणि ते गावाला ठाऊक होतं. तिची मुलगी कार्ना आपली चिमुरडी ब्रिटा आईच्या ओटीत टाकून पश्चिमेला निघून गेली होती. "काही आठवड्यांचाच प्रश्न आहे, आई," असं म्हणून गेली. मग नाताळला कार्डं आली, नंतर तीही बंद झाली. ब्रिटाला आर्लिसने वाढवलं, आमच्याच कॉलेजात घातलं. पोरगी शिक्षिका व्हायला निघाली होती. शांत, हसरी, आणि आजीसारखीच मनातलं ओठावर न आणणारी.

त्या वर्षी नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे दिवस सुरू झाले आणि जानेवारीच्या जागा जाहीर झाल्या. एक्वाडोरमधल्या क्वेंका शहरात तीन आठवडे, एका कुटुंबात राहायचं आणि सकाळी तिथल्या शाळेत शिकवायचं. ब्रिटाला कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी तिचं नाव आपणहून सुचवलं होतं, आणि ते मंजूर झालं होतं. खर्च कॉलेजचा. शुक्रवारपर्यंत तिने होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

सोमवारी आर्लिस अंगातला कोट न काढताच माझ्या टेबलाशी आली.

"ब्रिटा नाही म्हणतेय."

"का?"

"तेच तर! 'नको गं आजी, इथेच बरं आहे,' म्हणते. लहानपणापासून नकाशे भिंतीला चिकटवणारी पोरगी! तिला कुणीतरी अडवतंय, जोलीन."

तिच्या डोक्यात संशयाने घर केलं की ते रिकामं करणं कुणाच्या बापाला जमत नसे. आधी तिने बाईंवर संशय घेतला. त्यांनीच नाव सुचवून नंतर ब्रिटाचे कान भरले असणार, आपल्या लाडक्या मुलीला जागा मिळावी म्हणून. मग आमच्या साहेबांवर. कर्मचाऱ्याच्या नातीला पाठवलं तर लोक बोलतील, म्हणून त्यांनी हळूच कानात सांगितलं असेल. बुधवारी ती माझ्याकडेही जरा जास्तच वेळ बघत होती. मी म्हटलं, "आता मलाही विचार बाई तीनदा!" तिने खरंच विचारलं.

शेवटी संशय डेव्हिनवर येऊन ठेपला. डेव्हिन हा ब्रिटाचा मित्र, बर्फावरची हॉकी खेळणारा, घरातही टोपी न काढणारा. आर्लिसच्या लेखी टोपी हाच अर्धा पुरावा होता. बुधवारी संध्याकाळी तो तिच्या दारातला बर्फ काढायला आला, तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. तिने त्याला खुर्चीत बसवलं, पुढे कॉफी ठेवली आणि समोर उभी राहिली.

"तू तिला जाऊ नको म्हणालास?"

"नाही, मिसेस ट्वेट."

"म्हणाला नसशील. तोंड पाडून बसला असशील."

"नाही हो."

"डेव्हिन, मी शेवटचं विचारतेय."

पोराने टोपी काढली. मी त्याचं कपाळ पहिल्यांदाच बघितलं. "उलट मी भांडलो तिच्याशी, जा म्हणून. ती माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीये."

तो गेल्यावर आर्लिस खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "तिन्ही वेळा एकच उत्तर," ती म्हणाली. "पढवून पाठवलाय."

मला हसू आलं, पण नंतर घरी जाताना माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने बाईंना विचारलं, साहेबांना विचारलं, डेव्हिनला विचारलं, मला विचारलं. आणि ब्रिटाला?

गुरुवारी कुणीतरी कार्यालयात लिंबाच्या वड्यांचा ट्रे आणला होता. दुपारी त्यात एकच वडी उरली. आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही, अर्धा कापून घेतो आणि अर्धा ठेवतो. मी अर्धी घेतली. आर्लिसने उरलेल्या अर्धीवर सुरी ठेवली.

"ब्रिटाला कितीदा विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं की."

"कितीदा?"

ती सुरी हलवत राहिली. वडीचा पार भुगा झाला. "दोनदा," ती म्हणाली.

"दोनदा! पोस्टमनला कॉफी तीनदा विचारतेस तू!"

"ती नाही म्हणाली, जोलीन."

"दोनदा नाही म्हणाली! याला आपल्याकडे उत्तर म्हणतात का?" माझा आवाज चढला. आमच्या कार्यालयात आवाज चढत नाही, आत साहेबांची खुर्ची करकरली. मला पर्वा नव्हती, इतका राग आला होता. "तू सगळ्या गावाला चोर ठरवलंस, कारण तुला तिसरं उत्तर ऐकायचंच नव्हतं."

आर्लिसने ट्रेवर झाकण ठेवलं. घरी निघताना म्हणाली, "हॉटडिश जास्त झालंय घरी. येशील?"

हॉटडिश जास्त झालेलं नव्हतं. तिला एकटीने विचारायची छाती नव्हती, एवढंच. हॉटडिशमधल्या बटाट्यांखाली गरम खिमा वाफाळत होता आणि तिघींचेही काटे नुसतेच फिरत होते. ब्रिटाने मला वाढलं, आजीला वाढलं. आर्लिसने काटा खाली ठेवला.

"ब्रिटा, तुला जायचंय का?"

ब्रिटा एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"तू दोनदाच विचारलं होतंस, आजी. शाळेच्या डब्यातलं गाजर संपवलं का, हेही तू तीनदा विचारायचीस. मी वाट बघत होते. मग मला वाटलं, तुला नाहीच ऐकायचंय."

"आता विचारतेय ना."

"जायचंय," ब्रिटा म्हणाली. आमच्याकडे असं सरळ कुणी बोलत नाही, 'तुझी हरकत नसेल तर' लावल्याशिवाय तर नाहीच. "खूप जायचंय. पण या घरात 'तीनच आठवडे' असं कुठल्या तोंडाने म्हणू?"

आर्लिसचा चेहरा मला बघवेना. मी माझ्या ताटात बघत राहिले.

"मग तसं म्हणू नकोस," आर्लिस शेवटी म्हणाली. "जाऊन येते म्हण."

शुक्रवारी होकार कळवला गेला. मध्यंतरी आर्लिसने क्वेंकातल्या त्या कुटुंबाची इतकी चौकशी केली की, यजमानीणबाईंच्या कुत्र्याचं नावही आम्हाला पाठ झालं. तो चावतो का, हे तिने अर्थातच एकापेक्षा जास्त वेळा विचारलं.

जानेवारीत कॉलेजच्या वाहनतळावर विमानतळाची गाडी उभी राहिली. थंडी अशी होती की बोलताना दात वाजत होते. आमच्याकडे निरोप म्हणजे मोठं प्रकरण असतं. निघतो म्हटल्यावर माणूस आधी दारात गप्पा मारतो, मग अंगणात, मग गाडीची काच खाली करून. त्या थंडीतही आईबाप काचांना चिकटून उभे होते आणि ड्रायव्हर बिचारा घड्याळ बघत होता.

ब्रिटा आत बसली. दार उघडंच होतं. तिने आजीचा हात धरला.

"आजी, राहू का मी? अजूनही सांग."

"वेडी की काय," आर्लिस म्हणाली.

"खरंच राहते. बॅग उतरवते."

"उगाच त्रास नको कुणाला. जा गं."

ब्रिटाने पुन्हा काही बोलायला तोंड उघडलं. आर्लिसने हात सोडवून घेतला, दार खाडकन सरकवून बंद केलं आणि पाठ फिरवून चालायला लागली. ना काचेशी थांबली, ना हात हलवला. लोक बघतच राहिले. असा निरोप गावात कुणी दिला नव्हता. मी घसरत, धडपडत तिला बर्फात गाठलं.

"अगं, हे काय वागणं! हात तरी हलवायचास!"

आर्लिस न थांबता चालत राहिली. गालांवर पाणी होतं, आणि ते तिने पुसलंही नाही.

"ती तिसऱ्यांदा विचारणार होती," ती म्हणाली.