पाच ओळींचा सायबर

भिवंडीजवळच्या टेमघरच्या काकींना कॉम्प्युटरवरचं एकच बटण कळायचं, आणि ते त्या मसाला कुटावा तशा जोरात दाबायच्या. सायबर कॅफे मात्र त्यांच्याच मालकीचा. पूर्णा गावातली भातशेती गोदामाला गेली आणि हातात पैसा आला, तेव्हा मुलांना मोठी गाडी हवी होती, काकांना ढाबा. काकींनी घराखालच्या गाळ्यात कॉम्प्युटर मांडले. "गाडीला डिझेल लागतं," म्हणाल्या, "ही पेटी बसल्या जागी दुनिया फिरवतेय."

इतर सायबरमध्ये प्लायवूडच्या खोल्या असत, त्यांना पडदे. काकींकडे दारही नाही, पडदाही नाही. "जे बघायचं ते माझ्यासमोर बघा," असा कायदा. कॉलेजची पोरं तोंड वाकडं करून निघून जायची, पण त्यामुळेच आमच्यासारख्या मुली तिथे बिनधास्त यायच्या. मी किनवटकडची, आठवीत शाळा सुटलेली, मामाकडे राहून पूर्ण्याच्या गोदामात पॅकिंग करणारी. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यातच घुटमळले.

"काय गो, आत ये. कॉम्प्युटर चावत न्हाय."

"काकी, मला इंग्रजी येत नाही."

"मना तरी कुठं येतं? मालक हाय मी."

रोमन अक्षरं दाबून स्पेस दिली की पडद्यावर मराठी उमटायचं. काकींच्या सूनबाईंनी मला ते शिकवलं. मराठी लिहिता लिहिता माझी एबीसीडी पक्की झाली, ती शाळेत कधी झाली नव्हती.

सूनबाईंनी एक ब्लॉगही उघडला होता. त्यामागची रीत काकींची. शेवटची पाच मिनिटं फुकट, पण त्यात पाच ओळी लिहायच्या. काहीही लिहा, आधी नाव टाका, मग लिहा. रिक्षावाले लिहायचे, पॉवरलूमवरचे भय्ये हिंदीत लिहायचे, क्लासच्या पोरी कविता करायच्या. "जास्त लिवू नका, लाईट कवा जाईल सांगता येत न्हाय," काकी बजावायच्या. मीही रोज लिहायचे, आणि उठायच्या आधी सगळं पुसून टाकायचे. आठवी शिकलेलीचं लिहिणं नावासकट जगापुढे ठेवायचं म्हणजे हसू करून घेणंच. गोदामातल्या मुलींना कळलं असतं तर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला 'लेखिकाबाई, भाजी वाढा' म्हणून जगू दिलं नसतं.

भिवंडीत लाईट गेली की अंधाराआधी शांतता कळते. लूमचा खडखडाट एकदम थांबतो. त्या संध्याकाळी तो थांबला आणि बॅटरीवर गेलेला यूपीएस शिट्ट्या मारू लागला. अशा वेळी काकी झटकन उठायच्या आणि ज्याच्या त्याच्या पडद्यावर जाऊन 'पब्लिश' दाबत सुटायच्या. कुणाचं लिहिलेलं बुडू नये, एवढाच हेतू. मी "काकी, नको!" म्हणेपर्यंत माझ्याही पडद्यावर दाबून त्या पुढे गेल्या होत्या. मग सगळंच काळं झालं.

माझं अर्धवटच होतं. "आम्ही परदेशी जाणाऱ्या बाहुल्या खोक्यात निजवतो. आज एकीचे डोळे मिटेनात. सुपरवायझर म्हणाला, रिजेक्ट. मी तिला उचललं आणि"

एवढंच. वर माझं नाव, आडनावासकट.

दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी काकींनी रस्त्यातच दंडाला धरलं. "कुठं मेलीस गो? लोकं थांबल्यात!"

पडद्यावर प्रतिक्रियांची रांग लागली होती. "आणि काय?" कुणी परदेशातून विचारत होतं. कुणी लिहिलं होतं, "आणि ओढणीखाली लपवलं." कुणी, "आणि विचारलं, झोप येत नाही का गं?" एकानेही माझी शाळा विचारली नव्हती.

"ह्यातलं कंचं खरं?" काकींनी विचारलं.

"कुठलंच नाही. बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. पॅकिंगचा बेल्ट चालू होता ना."

"मग तेच लिव."

"त्यात काय आहे, काकी? लोक हसतील."

"हसली तर हसली. दात त्यांचं दिसतील."

मी तेच लिहिलं. परदेशातल्या त्या माणसाचं उत्तर आलं, "आज जेवण गेलं नाही." काकींनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला म्हणाल्या, "बघ, पार तिकडच्या मानसाला उपाशी ठेवलंस तू!" आणि इतक्या खुशीत हसल्या की शेजारचा शिंपी डोकावून गेला. गोदामातल्या मुलींनी पुढे मला 'लेखिकाबाई' म्हटलंच. पण मग जेवणाच्या सुट्टीत त्याच विचारायच्या, आज काय लिहिणार?

पुढे आमच्या गोदामाने मला लेबलांच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि तामिळनाडूत होसूरला पाठवलं. तिथून किनवट आणखी लांब, भिवंडीही लांब. निघायच्या दिवशी मी काकींवर पाच ओळी लिहिल्या. नाव पूर्ण टाकलं आणि काहीही न पुसता त्यांना वाचायला बोलावलं.

"चार ओळी ब्येस हायत. पाचवी काढ."

पाचवी होती, "काकी, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

"पण काकी, तीच तर खरी आहे."

"खरी हाय ना? मग मना तोंडानं सांग. लोकांना कशाला?"

मी ओळ पुसली. तोंडाने सांगायला वळले आणि 'काकी' म्हणतानाच रडू फुटलं. काकी पदराने माझं नाक पुसत म्हणाल्या, "पोचलं मना. चल, उठ आता, गिऱ्हाईक उभं हाय."